सुरसागर ही टाकी नाही हो!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या बडोद्यावर पानभर लेख होता. फोटो छान होते, मांडवीचा तर फारच छान, लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण मध्येच एक वाक्य आलं की "शहराच्या मध्यभागी सुरसागर नावाची एक मोठी टाकी आहे आणि पूर्वी लोक तिथे स्नान करत." टाकी!! अहो सुरसागर टाकी कशी काय झाली? चारी बाजूंनी कठडा, मधोमध महादेव उभा, एका फेरीत नीट चालणारा माणूस दमेल एवढा तो तलाव, आणि त्याची तुम्ही टाकी केलीत. पुढे अजून एक, "अशा अनेक टाक्या शहराभोवती होत्या." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे पान फिरलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, सिन्टेक्सच्या का? सगळे हसले, पण माझी सगळी नोकरी पाण्याच्या लाइनी आणि टाक्यांच्या कामात गेली, त्यामुळे मला ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतोय तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

झालंय काय ते उघड आहे. लेखकाने इंग्रजी पुस्तकं चाळली असणार, बहुतेक मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ सालचा बडोद्याचा खंड वगैरे, आणि त्या काळच्या इंग्रजीत तलावाला टँकच म्हणायचे. म्हणजे साहेब इथे येऊन जी इंग्रजी लिहायला लागला त्या इंग्रजीत टँक म्हणजे तळं, तलाव, सरोवर, देवळापुढचं कुंड, पायऱ्या असोत नसोत, पाणी साठवलंय ना मग टँक. आपण आज टँक म्हटलं की गच्चीवरचा काळा ड्रम डोळ्यापुढे येतो, आणि भाषांतर करणारा (किंवा आजकाल मोबाईलमधलं भाषांतराचं मशीन, त्याला तर विचारूच नका) सरळ टाकी लिहून मोकळा होतो.

मुंबईची माणसं रोज हा शब्द तोंडात घेतात पण कोणी चुकत नाही. गवालिया टँक, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा टँक, वाळकेश्वरचा बाणगंगा टँक. ८ ऑगस्ट १९४२ ला छोडो भारतची सभा गवालिया टँकवर झाली, आता कोणी मराठीत लिहिलं की "गांधीजींनी गवालिया टाकीवरून भाषण केलं" तर कसं वाटेल? सिनेमातला हिरो पाण्याच्या टाकीवर चढतो तसं चित्र उभं राहील. तो तलाव होता, गुरं पाण्यावर आणायचे, तो कधीच बुजला, मैदान राहिलं आणि नाव राहिलं. कलकत्त्यातही तेच, लालदिघी तलावाच्या चौकाला साहेब लोक टँक स्क्वेअर म्हणत, मग तो डलहौसी स्क्वेअर झाला आणि आता बी.बी.डी. बाग. हैदराबादला माझा भाचा असतो, तो टँक बंडवर फिरायला जातो. बंड म्हणजे बांध, आणि टँक म्हणजे हुसेनसागर, सोळाव्या शतकातला एवढा मोठा जलाशय. बंगळूरचं मोठं बस स्टँड धर्मांबुधी टँकच्या जागेवर आहे आणि कंठीरवा स्टेडियम संपंगी टँकच्या, म्हणजे दोन तलाव गेले बरं का, दोन टाक्या नाही. टाकी गेली तर दुसरी आणून बसवता येते.

आणि लांब कशाला जायचं, महाराष्ट्र सरकारची स्वतःची कागदपत्रं बघा ना. इंग्रजीत पर्कोलेशन टँक, मराठीत पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर लोकांनी हे किती तरी पाझर तलाव खोदले, आजही गावोगाव आहेत, त्यांना कुणी पाझर टाकी म्हणत नाही (पाझरणारी टाकी म्हणजे तर प्लंबरला फोन करायची वेळ). विदर्भात भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आहेत, इंग्रजीत त्यांना मालगुजारी टँक म्हणतात. तिकडे तेलंगणाने २०१५ पासून मिशन काकतीय म्हणून ४६ हजारांवर टँक दुरुस्त करायचं काम काढलं, गाळ काढणं, बांध नीट करणं. त्याची बातमी मी एका मराठी साईटवर "४६ हजार टाक्यांची दुरुस्ती" अशी वाचली होती आणि वाटलं की एवढ्या टाक्या गळेपर्यंत सरकार काय करत होतं. मग कळलं की तलाव! म्हणजे हा फक्त आपल्या पेपरचा दोष नाही, सगळीकडे तेच चाललंय, आणि त्यात नुकसान असं होतं की शेकडो वर्षांची तलावांची व्यवस्था, कालवे, सांडवे, एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, हे सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात हजार लिटरच्या ड्रमात जाऊन बसतं.

बरं, आपल्याकडे शब्द नाहीत असंही नाही. तलाव वेगळा, टाकं वेगळं, टाकी वेगळी. टाकं म्हणजे खडकात खोदलेलं किंवा जमिनीखाली बांधलेलं पाण्याचं साठवण. सिंहगडावर देवटाकं आहे, शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत (ही टाकी टाकंचं अनेकवचन बरं का, मराठीची गंमत). कान्हेरीला बहुतेक लेण्यांशेजारी कातळात टाकं कोरलेलं, वरच्या उतारावरून पन्हळी खोदून पावसाचं पाणी आत सोडलेलं, आणि तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्याने त्याला 'पोढी' म्हटलंय. लेणं दिलं आणि पोढी दिली, असं एकत्र लिहिलेलं असतं. म्हणजे राहायची जागा द्यायची तर पाण्याची सोय पण द्यायची, आत्ताच्या बिल्डरांना हे शिलालेख वाचायला दिले पाहिजेत.

इथे गुजरातमध्ये तर टांका घरातच असायचा. अहमदाबादच्या पोळींमधली, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधली, जुनी घरं ज्याने आतून पाहिलीत त्याला माहीत असेल. माझी मावशी खाडियात राहायची, तिच्या शेजारच्या घरात चौकात एक दगडी चौथरा आणि त्यावर लोखंडी झाकण, झाकण उचललं की खाली अंधार आणि गार हवा वर यायची. चौकाखाली अख्खी खोली पाण्याची. छपरावरचं पाणी नळीने आत, पण पहिला पाऊस आत घ्यायचा नाही, तो छप्पर धुवून वाहून जाऊ द्यायचा, मग तोंड उघडायचं, आणि मघा नक्षत्रातलं पाणी मिळालं तर उत्तम, ते वर्षभर बिघडत नाही असं लोक मानतात. आतून चुन्याचा गिलावा. झाकण घट्ट, ऊन आत जाणार नाही. पाणी काढायला दोरी लावलेला तांब्याचा डोल, तो दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, मावशीने एकदा मला त्याला हात लावला म्हणून हाकललं होतं. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघरात सुद्धा असाच टांका आहे.

तर हा शब्द मूळचा कुणाचा याचीच मोठी मजा आहे. इंग्रजी शब्दकोश उघडून बघा, टँकच्या खाली गुजराती आणि मराठी लिहिलेलं सापडेल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेकडे, भडोचकडे येणारे इंग्रज व्यापारी टँक लिहायला लागले आणि सुरुवातीला अर्थ तलावच, पेट्रोल-पाणी ठेवायची मोठी पेटी हा अर्थ त्यानंतरचा. पण त्यातही भांडण आहे, कारण पोर्तुगीजांचा 'तांक' म्हणून शब्द आहे, वाहतं पाणी अडवणे या त्यांच्या क्रियापदावरून आलेला, आणि वास्को द गामाच्या सफरीच्या रोजनिशीत, म्हणजे १४९८ सालीच, कालिकतच्या देवळाजवळच्या बांधीव तलावाला त्यांनी तोच शब्द वापरलाय. मग आमचं टाकं त्यांनी उचललं की त्यांचं आम्ही? १८८६ ला हॉब्सन-जॉब्सन म्हणून साहेबांनी हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश काढला, त्यातही यावर बरीच चर्चा आहे. बहुतेकांचं म्हणणं दोन्हीकडचे शब्द एकमेकांना भेटले आणि मिसळले. मला विचाराल तर किल्ल्यांवरची टाकी बघून मला आपलं असं वाटतं की टाकी म्हणजे छिन्नी, पाथरवटाची, तिने कोरलं ते टाकं, संस्कृतात छिन्नीला टंक म्हणतातच. भाषेचे प्रोफेसर हसतील, हसू दे. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" ही म्हण मी सोसायटीच्या मुलांना ऐकवली तर एकाने विचारलं, काका टाकी डोक्यात पडली होती का देवाच्या?

गच्चीवरच्या टाकीबद्दलही थोडं लिहू द्या, विषय निघालाच आहे. आपल्याकडे सिन्टेक्स हा कंपनीचा शब्द टाकीलाच चिकटला, कलोलची कंपनी, मूळ कापडाची गिरणी, १९७५ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या टाक्यांत उतरली. त्याआधी सिमेंटच्या नाहीतर पत्र्याच्या टाक्या. काळा रंग काही स्वस्त म्हणून नसतो, काळ्या प्लॅस्टिकमधून उजेड आत जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही, मावशीच्या शेजारच्या टांक्याचं झाकण आणि हे एकच तत्त्व. पण लोक काय करतात, झाकण वाऱ्याने उडालं की वर पत्रा टाकतात, पत्र्यावर वीट, आणि बाजूच्या फटीतून कबुतराचं पीस आत. आमच्या बिल्डिंगची टाकी उन्हाळ्यात रिकामी करून साफ करतो तेव्हा तळाला बोटभर गाळ निघतो, लालसर, मऊ, हाताला चिकट, आणि त्यात एखादा तुटलेला गोळ्याचा दांडा, म्हणजे बॉलकॉकचा. तो दांडा तुटला की टाकी भरून वाहते आणि खालचे वर ओरडतात, मोटर बंद करा!! अजून एक, हे सगळ्यांनी ऐका, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. दोन हजारची टाकी गच्चीच्या मधोमध स्लॅबवर ठेवायची नाही, खाली बीम-कॉलम बघून ठेवायची. मी कितीदा सांगितलंय.

आता लढाईचा टँक. हे मात्र लेखात नव्हतं पण तुमच्याच पेपरात त्याच दिवशी पान सातवर होतं, "सीमेवर टँक तैनात", आणि पान तीनवर "टँकमध्ये गुदमरून कामगाराचा मृत्यू", आणि अर्थकारणाच्या पानावर अमुक शेअर "टँक झाला". एकाच अंकात. मी पेन्सिलने खुणा केल्यात.

लढाईच्या गाड्याला टँक नाव कसं पडलं याची गोष्ट माहीत नसेल तर सांगतो. पहिल्या महायुद्धात खंदकांमुळे सगळं अडलं होतं, तेव्हा इंग्लंडमध्ये लिंकन गावच्या कारखान्यात चिलखती गाडी गुपचूप बनत होती. ऑफिसात नाव होतं लँडशिप, जमिनीवरचं जहाज, पण ते नाव ऐकून शत्रूला सगळंच कळलं असतं. मग १९१५ च्या डिसेंबरात काहीतरी साधं, कुणाला संशय न येणारं नाव पाहिजे म्हणून टँक ठरलं, आणि कामगारांना सांगितलं की मेसोपोटेमियाच्या (म्हणजे आजच्या इराकच्या) वाळवंटातल्या फौजेसाठी पाण्याच्या फिरत्या टाक्या बनतायत. पटण्यासारखंच होतं, कारण त्याच वेळी मेसोपोटेमियात आपलीच माणसं कूत-अल-अमाराला वेढ्यात अडकली होती, सहावी पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी होत्या, पुढे एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावं लागलं. त्यांना खऱ्या पाण्याच्या टाक्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. ही नवी "टाकी" १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत फ्लेर-कुर्सलेतला पहिल्यांदा उतरली, अर्ध्या वाटेत बऱ्याच बंद पडल्या, पण नाव कायमचं चिकटलं. नाव ठरवणाऱ्यांत जो स्विंटन साहेब होता त्याचा जन्म १८६८ चा, कुठला सांगा? बंगळूरचा. तलावांच्या गावचा. लहानपणी ऐकलेलं टँक त्याच्या डोक्यात होतं असं मी म्हणत नाही, पण योगायोग बघा.

म्हणजे तुमचा आमचा घरगुती पाण्याचा शब्द साहेबाकडे गेला, तोफ लावून परत आला. मराठीने त्याला छान नाव दिलं, रणगाडा. काय शब्द आहे! ऐकला की खडखडाट ऐकू येतो. जर्मनांनी पांझर म्हटलं, आपण रणगाडा म्हटलं, १९६५ च्या असल उत्तरच्या आणि १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईच्या बातम्या रणगाडा लिहूनच छापल्या गेल्या असतील, मग आजच टँक का? बडोद्यात तर हे रणगाडे वगैरे दुरुस्त करायचं शिक्षण देणारं लष्कराचं ईएमई स्कूलच आहे, त्यांचं ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं दक्षिणामूर्ती मंदिर बघायला बाहेरगावचा पाहुणा आला की आपण नेतोच. तिथला जवान "टँक की ड्यूटी" म्हणाला तर तो गच्चीवर नाही चढणार.

बाकीचे अर्थ भराभर. पोहायच्या तलावालाही इंग्रजीत टँक म्हणायचे, त्यात घालायचा बिनबाह्यांचा पोशाख तो टँक सूट, आणि त्याच घाटाचा बनियन तो टँक टॉप, लढाईशी काही संबंध नाही (माझ्या नातीला वाटायचं की मिलिटरीचा आहे). पुण्याला अजून लोक टिळक टँकवर पोहायला जातात, ते अगदी बरोबर जुन्या अर्थाने. आम्ही इथे बडोद्यात लालबागला जायचो, पण म्हणायचो स्विमिंग पूल. थिंक टँक, हा आधी इंग्रजीत डोक्याला म्हणायचे गमतीने, आपण टाळकं म्हणतो तसं, मग अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रँडसारख्या, अभ्यास करून सरकारला सल्ला देणाऱ्या संस्था झाल्या त्यांना लावला, आता १ जानेवारी २०१५ पासून आपला नीती आयोग स्वतःला थिंक टँक म्हणवतो. याला टाकी लिहू नका म्हणजे झालं, विचारगट चालेल. टेनिसमध्ये खेळाडू मुद्दाम हरला की टँकिंग, दंड होतो त्याला. तिथून शेअर बाजारात, भाव आपटला की टँक झाला. अहो आपटला, कोसळला, गडगडला, बुडाला, तोंडावर पडला, मराठीत पडण्याला काय कमी आहे?

टँकरचं मात्र मी काही म्हणत नाही, तो मराठीच झाला. मराठवाड्याला लोक टँकरवाडा म्हणतात, यापेक्षा आणखी काय मराठी व्हायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेलाच्या टाकी-वाघिणी कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुवून आणल्या, एकेका वाघिणीत ५० हजार लिटर, आधी १० वाघिणी मग ५०, तेव्हा आपल्या पेपरने ते किती व्यवस्थित लिहिलं होतं, टाकी कुठे, टँकर कुठे, वाघीण कुठे. मी त्या बातम्या लक्ष देऊन वाचायचो कारण आमच्या कोयलीच्या रिफायनरीतून अशाच वाघिणी लागलेल्या गाड्या जाताना आम्ही रोज बघतो. म्हणजे तुमच्या माणसांना येतं, फक्त रविवारी येत नाही.

पान तीनवरची बातमी मात्र हसण्यासारखी नाही आणि मला खरं तर तिच्याबद्दलच जास्त बोलायचंय. "टँकमध्ये गुदमरून मृत्यू." कसला टँक? पाण्याचा? केमिकलचा? सेप्टिक? आख्खी बातमी दोनदा वाचली तरी कळत नाही. आणि हे कळणं फार महत्त्वाचं आहे कारण पाण्याच्या टाकीत माणूस गेला तर कारण वेगळं, बंद टाकीत नवीन रंग किंवा वॉटरप्रूफिंग केलेलं असतं त्याचा वास असतो, किंवा आत हवाच नसते. नंदेसरीसारख्या केमिकलच्या एस्टेटमधली टाकी म्हणजे आत काय भरलं होतं ते बघावं लागेल. आणि सेप्टिक टँक, ज्याला इथे आम्ही गुजरातीतून खाळकुवा म्हणतो, त्यात घाण सडून गॅस साठतो, झाकण उघडून उतरणारा पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो तो पडतो, मग तिसरा. २०१९ च्या जूनमध्ये इथे डभोईजवळ एका हॉटेलच्या खाळकुव्यात असेच सात जण गेले. एकामागोमाग एक. माणसाला असं खाली उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग बातमीत नुसतं टँक लिहिलं की हा सगळा प्रश्नच नाहीसा होतो, वाचणाऱ्याला वाटतं असेल काहीतरी अपघात. खाळकुवा लिहा, मैल्याची टाकी लिहा, सेप्टिक टँक पूर्ण लिहा, पण नुसतं टँक नको. हेडलाईनमध्ये जागा कमी असते हे मला मान्य आहे, तरी पण नको.

आता सुरसागरकडे येतो. लेखाच्या शेवटी छापलंय की दुसरा भाग येत्या रविवारी, "बडोद्याचा पाणीपुरवठा : अजवा ते आजपर्यंत". म्हणून हे पत्र आजच पाठवतोय. तिथे खरा गोंधळ होणार आहे, कारण पाणीपुरवठ्याच्या इंग्रजी कागदात सगळं उलटं असतं. जुन्या कागदात तलावाला टँक, आणि नव्या इंजिनियरच्या कागदात उंचावरच्या टाकीला रिझर्व्हॉयर! ईएसआर लिहिलेलं असेल ना, तो एलिव्हेटेड सर्व्हिस रिझर्व्हॉयर, म्हणजे खांबांवरची साधी टाकी, आणि जीएसआर म्हणजे जमिनीवरची. म्हणजे ज्याला टँक लिहिलंय तो तलाव आणि ज्याला रिझर्व्हॉयर लिहिलंय ती टाकी, डिक्शनरी घेऊन बसलेला माणूस दोन्हीकडे बरोबर उलटा जाणार. अजव्याचं सयाजी सरोवर, सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, त्याची कृपा करून टाकी करू नका, आणि आमच्या लालबाग टांकी, नालंदा टांकी, पाणीगेट टांकी यांची सरोवरं करू नका. मधे निमेट्याला पाणी शुद्ध होतं ते फिल्ट्रेशन प्लॅन्ट, आणि महीसागरकडून जे पाणी येतं ते नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलमधून, ती विहीर आहे, तिला फ्रेंच लोकांशी जोडून भलतं काही लिहू नका. सुरसागरचं जुनं नाव चंदन तलाव, नावातच तलाव आहे बघा. सरसिया तलाव, हरणीचा, गोत्रीचा, गोरव्याचा, ही सगळी तुमच्या लेखातली "शहराभोवतीच्या अनेक टाक्या" आहेत.

दोन गोष्टी करा. या रविवारी दुसऱ्या भागाखाली बारीक अक्षरात का होईना, सुरसागर तलाव असा खुलासा छापा. आणि दुसऱ्या भागाचं प्रूफ पान लागायच्या आधी मला पाठवलंत तर मी बसून बघून देतो, पैसे-बिसे काही नको. ईमेल पत्रासोबत दिलाय. पुरवणी शुक्रवारी रात्री छापायला जाते असं तुमच्या इथल्या एजंटने सांगितलं, तर गुरुवार संध्याकाळपर्यंत आलं तर बरं, शुक्रवारी सकाळी आमच्याकडे टाकी साफ करायला माणूस येणार आहे आणि मला गच्चीवर उभं राहावं लागतं.

आपला जुना वाचक,
मांजलपूर, बडोदा